डोळ्यांदेखत खून झाला, तरी आरोपी सुटले: बेळगाव सीमाभागातून अपील कसं करायचं

"मी माझ्या डोळ्यानं बघिटलोय की वो, वकीलसाहेब. मग ते सुटले कसे?"

खानापूरकडच्या एका बापानं निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मला हे विचारलं. त्याच्या मुलावर वार झाले तेव्हा तो गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं साक्ष दिली, उलटतपासणी सोसली, आणि निकालात मात्र ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’ असं आलं. हा लेख अशा घरांसाठी आहे. तुमच्या माणसाचा खून झाला, कुणीतरी तो पाहिला, आणि सत्र न्यायालयानं त्या पाहणाऱ्यावर विश्वास ठेवला नाही, तर पुढं काय करायचं ते इथं क्रमानं सांगतो.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहत नाही. हायकोर्टाचे न्यायाधीश त्याचा आवाज ऐकणार नाहीत, त्यांच्यापुढं फक्त कागद असेल. आपल्या भागात तर साक्षीदार मराठीत बोललेला असतो आणि कागद कन्नडात असतो. त्यामुळं यापुढचं जवळजवळ सगळं काम त्या कागदाभोवतीच फिरतं.

नकलेचा अर्ज त्याच दिवशी

निकाल लागला की घरी जाण्याआधी नक्कल विभागात अर्ज द्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकून निकाल वाचता येतो. तो वाचायला चांगला, पण अपिलाला सही-शिक्क्याची नक्कल लागते. फक्त निकालाची मागू नका. फिर्याद, सगळ्या साक्षीदारांच्या जबान्या, घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, तपास अधिकाऱ्याची साक्ष, हे सगळं मागा. कर्नाटकातल्या कोर्टात सरकारी साक्षीदाराला पी.डब्ल्यू. १, पी.डब्ल्यू. २ असे क्रमांक असतात, कागदांना एक्स. पी-१, पी-२ आणि मुद्देमालाच्या वस्तूंना एम.ओ. १, २. हे क्रमांक वहीत उतरवून ठेवा, कारण पुढं वकिलाशी बोलताना यांचीच भाषा लागते.

नकलेवर अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून तारखा असलेलं ते पान फाटू देऊ नका.

निकालाचा शेवटचा परिच्छेदही नीट वाचा. तिथं बहुधा मुद्देमालाचा हुकूम असतो: अपिलाची मुदत संपल्यावर रक्तानं माखलेले कपडे आणि हत्यार नष्ट करावं. अपील करणार हे ठरलं असेल तर मुद्देमाल राखून ठेवण्याचा अर्ज लगेच द्यायला वकिलांना सांगा. पुष्कळ घरांच्या हे ध्यानातच येत नाही.

कोल्हापूर की धारवाड?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हापासून निपाणी आणि चिकोडीकडचे लोक मला विचारतात, "आमाला कोल्हापूर जवळ, तिथंच घालूया का?" नाही. खटला कर्नाटकातल्या सत्र न्यायालयात चालला, तर अपील कर्नाटक उच्च न्यायालयातच. बेळगाव, बागलकोट आणि कारवारकडचं अपील धारवाड खंडपीठात जातं. हे खंडपीठ २००८ मध्ये सर्किट बेंच म्हणून सुरू झालं आणि २०१३ पासून कायम आहे. भालकी, औराद, बिदर आणि विजापूर भागाचं अपील कलबुर्गीला. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, पण त्याचा या अपिलाच्या जागेशी काही संबंध नाही.

अपील कोण करतं

दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकाच वेळी धराव्यात.

पहिली वाट सरकारची. राज्य सरकार सरकारी वकिलामार्फत उच्च न्यायालयात अपील करू शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३७८ होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४१९ आहे. सरकारला आधी हायकोर्टाची परवानगी घ्यावी लागते. तुमच्या हातात एवढंच की खटला चालवलेल्या सरकारी वकिलांकडे आणि अभियोग संचालनालयाकडे लेखी अर्ज द्यायचा: अपील व्हावं अशी आमची विनंती आहे, कारणं ही. अर्जाची पोच घ्या. मग मात्र सरकारच्या उत्तराची वाट बघत बसू नका.

दुसरी वाट तुमची स्वतःची. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला निर्दोष मुक्ततेविरुद्ध थेट अपिलाचा हक्क आहे (जुनं कलम ३७२ चं परंतुक, नवं कलम ४१३). यासाठी आधी परवानगी लागत नाही. हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ज्या खटल्यात ठरवलं तो आपल्या शेजारचाच, बागलकोटच्या सत्र न्यायालयातून गेलेला: मल्लिकार्जुन कोडगली विरुद्ध कर्नाटक राज्य. तिथंही सत्र न्यायालयानं आरोपी सोडले होते आणि हायकोर्टानं पीडिताचं अपील दारातूनच परत पाठवलं होतं. खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासारख्या कमी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तरी हाच हक्क वापरता येतो.

‘पीडित’ या शब्दात कायदेशीर वारस येतो. इथं एक बारकावा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या पहिल्या वर्गात बायको, मुलं आणि आई येतात, वडील येत नाहीत. नात्यात कितीही जवळचे असले तरी भाऊ किंवा चुलते एकटेच अर्जदार झाले तर समोरचा वकील पहिलाच आक्षेप तिथं घेईल. म्हणून बायको, मूल किंवा आई यांच्यापैकी कुणाचं तरी नाव पुढं ठेवा, वडिलांचं सोबत घाला. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, हयात कुटुंबीयांचा दाखला काढून ठेवा आणि त्यातलं नाव आधार कार्डाशी जुळतंय ना ते पाहा. कन्नड दाखल्यात मराठी आडनावाची रूपं बदलतात. त्या हल्ल्यात साक्षीदार स्वतःही जखमी झाला असेल तर तोही आपल्या हक्कानं पीडित आहे. अपील चालू असताना अर्जदार वारला तर त्याचे वारस ते पुढं चालवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मुदत

सरकारला ९० दिवस आहेत. पीडिताच्या अपिलाला किती दिवस हे त्या कलमात लिहिलेलंच नाही, म्हणून ६० दिवसांत दाखल करायचं असं धरून चाला. खटल्यात ॲट्रॉसिटीचं कलम असेल तर त्या कायद्याचं स्वतःचं ९० दिवसांचं बंधन आहे. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्यात प्रत्येक आठवड्याचं कारण द्यावं लागतं. ‘आम्ही दुःखात होतो’ एवढ्यानं भागत नाही. दवाखान्याचे कागद, नकलेच्या तारखा, वकील बदलल्याची चिठ्ठी, जे असेल ते जोडा.

पैशाची अडचण असेल तर बेळगावच्या कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा मोफत फोन आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आई किंवा बायको अर्जदार असण्याचा हाही एक उपयोग.

निकाल वाचायचा कसा

मी घरच्यांना एक शंभर पानी वही घ्यायला लावतो. पान उघडायचं आणि तीन रकाने आखायचे. पहिल्यात न्यायाधीशांनी साक्षीदारावर अविश्वास दाखवायला दिलेलं प्रत्येक कारण, निकालाच्या परिच्छेद क्रमांकासह. दुसऱ्यात साक्षीदार त्या मुद्द्यावर खरंच काय म्हणाला, जबानीच्या पान क्रमांकासह. तिसऱ्यात त्याला आधार देणारा दुसरा कागद कुठला. हे काम घरच्यांनी करावं असा माझा आग्रह असतो, कारण गोठा कुठं, बांध कुठं, दिवा कुठं हे वकिलाला माहीत नसतं. तुम्हाला माहीत असतं.

पहिल्या रकान्यात बहुधा ठरलेली कारणंच येतात.

‘साक्षीदार मयताचा नातेवाईक आहे.’ सर्वोच्च न्यायालयानं १९५३ च्या दलीपसिंग खटल्यापासून सांगितलंय की जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून निरपराधाला गोवेल असं सहसा होत नाही. नातं आहे म्हणून साक्ष काळजीपूर्वक तपासायची, फेकून द्यायची नाही. निकालात नात्यापलीकडं कारणच नसेल तर हा तुमचा भक्कम मुद्दा आहे. पण आधीचं वैर होतं आणि साक्षीत नंतर नावं वाढत गेली असतील, तर तेवढ्यानं भागणार नाही.

‘एकच साक्षीदार आहे.’ किती साक्षीदार हवेत याचा आकडा कायद्यात नाही (जुनं कलम १३४, नव्या साक्ष अधिनियमात १३९). १९५७ च्या वडिवेलू थेवर खटल्यात न्यायालयानं साक्षीदारांचे तीन प्रकार केले: पूर्ण भरवशाचा, अजिबात भरवशाचा नसलेला, आणि या दोघांमधला. पहिला असेल तर एकटा पुरतो. मधला असेल तर दुसरा आधार शोधावा लागतो. तुमचा साक्षीदार कुठल्या प्रकारात बसतो हे वकिलाशी मोकळेपणानं बोला.

‘पोलिसांपुढं सांगितलं नव्हतं, कोर्टात पहिल्यांदाच सांगितलं.’ सगळ्यात जास्त खटले इथं पडतात. आधी बघा की ती गोष्ट मुळाची आहे की फांदीची. कुणी मारलं, कशानं मारलं हे मूळ. मारेकऱ्याचा शर्ट निळा की काळा ही फांदी. मग तपास अधिकाऱ्याची साक्ष काढा. साक्षीदाराच्या पोलीस जबाबातली विसंगती कोर्टात ठरायची असेल तर आधी ती साक्षीदारासमोर ठेवावी लागते आणि नंतर तपास अधिकाऱ्याकडून सिद्ध करून घ्यावी लागते. आरोपीच्या वकिलानं अधिकाऱ्याला तो प्रश्नच विचारला नसेल, तर ती विसंगती कायद्यानं सिद्धच झालेली नाही. निकालात तिचा आधार घेतलेला असेल, तर अपिलाच्या अर्जात हा मुद्दा पहिल्या पानावर यायला हवा.

‘वैद्यकीय पुराव्याशी जुळत नाही.’ साक्षीदारानं तीन वार सांगितले आणि अहवालात पाच जखमा, एवढ्यानं साक्ष खोटी ठरत नाही. वैद्यकीय पुरावा डोळ्यांनी पाहिलेल्या हकिकतीला पूर्ण अशक्य ठरवत असेल तरच ती बाजूला जाते. ‘पंच फितूर झाले’ हे कारण आलं तर फार घाबरू नका. फितूर साक्षीदाराची सगळी साक्ष पुसली जात नाही, आणि जप्ती तपास अधिकाऱ्याच्या साक्षीनंही सिद्ध होऊ शकते.

उजेड, अंतर आणि ‘तो तिथं होताच कशाला’ या तीन प्रश्नांसाठी पंचनामा आणि नकाशा शेजारी ठेवून वाचा. खांबावरचा दिवा पंचनाम्यात नोंदलाय का? नकाशात गोठ्यापासून बांधापर्यंत किती फूट? या नोंदी नसतील आणि घटना अमावास्येच्या रात्रीची असेल, तर न्यायाधीशांची शंका खरोखरची आहे. ती मान्य करून पुढं जावं लागतं.

आणखी एक जागा लोक बघत नाहीत. साक्षीदाराचं वागणं, चाचरणं, हावभाव याबद्दल न्यायाधीशाला टिपण लिहून ठेवता येतं (जुनं कलम २८०, नवं ३१५). ‘साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाचं मत मोठं’ हा आरोपीचा हमखास युक्तिवाद असतो. जबानीत असं टिपण नसेल आणि निकालही फक्त कागदावरच्या विसंगतींवर उभा असेल, तर तो कागद हायकोर्टही तितकाच वाचू शकतं.

मराठी साक्ष, कन्नड कागद

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येतो. त्याची जबानी मी त्याला ओळीनं मराठीत वाचून दाखवली. एका जागी तो थांबला. "मी असं बोललोच न्हाई." त्यानं फिर्यादीत आणि कोर्टात दोन्हीकडं ‘कोयता’ म्हटलं होतं. फिर्याद उतरवणाऱ्यानं लिहिलं ‘मच्चु’, म्हणजे कोयताच. कोर्टात लिहिलं गेलं ‘कुडगोलु’, म्हणजे विळा. निकालात आलं: हत्याराबाबत साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

असे शब्द मी गोळा करत आलोय. ‘त्यानं मारला’ याचा अर्थ आपल्याकडं फटका मारला असाही होतो आणि ठार केला असाही. कन्नडात ‘होडेदनु’ आणि ‘कोंदनु’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि लिहिणाऱ्याला एक निवडावाच लागतो. ‘दिवेलागणीला’ याचं कधी ‘रात्री’ होतं, कधी ‘सात वाजता’. उजेडाचा अख्खा वाद त्यातून उभा राहतो. ‘वीस पावलं’ याचं ‘वीस फूट’ झालेलं मी पाहिलंय. ‘आमच्यातला’ म्हणजे भावकीतला, पण कागदावर तो ‘आमच्या घरात राहणारा’ होतो.

कायदा यासाठी सोय ठेवतो. साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलला तर शक्य असेल तेव्हा त्याच भाषेत लिहून घ्यावं, नाहीतर कोर्टाच्या भाषेत खरं भाषांतर करावं (जुनं कलम २७७, नवं ३१२). साक्ष संपल्यावर ती वाचून दाखवावी, समजत नसेल तर समजणाऱ्या भाषेत सांगावी (जुनं २७८, नवं ३१३). म्हणून जबानीच्या शेवटच्या ओळी पाहा. वाचून दाखवून बरोबर असल्याचं मान्य केलं अशी नोंद आहे का? मराठीत समजावल्याची नोंद आहे का? दुभाष्याचा उल्लेख आहे का?

स्पष्ट सांगतो: साक्षीदाराची सही आहे, म्हणून ‘मी तसं बोललो नव्हतो’ एवढ्यावर हायकोर्ट जबानी बदलणार नाही. पण हत्याराचं वर्णन, जखमांची लांबी-खोली, जप्त झालेली एम.ओ. क्रमांकाची वस्तू हे सगळं एकत्र ठेवून दाखवता येतं की दोन्ही कन्नड शब्द एकाच वस्तूबद्दल आहेत. हायकोर्टात कामकाज इंग्रजीत चालतं, तेव्हा कन्नड जबानीचं पुन्हा इंग्रजी भाषांतर होतं. ते भाषांतर मराठी-कन्नड दोन्ही जाणणाऱ्या माणसानं मूळ प्रतीशी ताडून पाहिलंच पाहिजे. माझ्या अनुभवात धारवाडला अपील उभं राहतं की पडतं, यात या एका कामाचा मोठा वाटा असतो.

हायकोर्ट काय बघतं

हायकोर्टाला सगळा पुरावा नव्यानं तपासण्याचा पूर्ण अधिकार आहे. तरी निर्दोष सुटलेल्या माणसाभोवती दुहेरी कवच असतं: एक, दोष सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष; दोन, कोर्टानं त्याला निर्दोष म्हणून ते गृहीतक आणखी घट्ट केलंय. चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या २००७ च्या निकालात हे नियम एकत्र मांडलेत. पुराव्यातून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील आणि सत्र न्यायाधीशांनी त्यातला एक घेतला असेल, तर हायकोर्टाला दुसरा जास्त पटला तरी तो लादता येत नाही. म्हणजे ‘आमचं खरं आहे’ हे सांगून पुरत नाही, ‘या पुराव्यावर सुटकेचा निष्कर्ष निघूच शकत नव्हता’ हे दाखवावं लागतं.

विजापूर जिल्ह्यातला एक खटला वकील हमखास सांगतील. २००१ ची घटना, २००५ ला निर्दोष मुक्तता, २०१० ला हायकोर्टानं ती उलटवून शिक्षा दिली, आणि २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना पुन्हा निर्दोष ठरवलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीवर विश्वास बसण्यासारखा नव्हता, आणि सुटका उलटवायला लागणारा निष्कर्ष हायकोर्टानं नोंदवलाच नव्हता, म्हणून. तेवीस वर्षं. वकिलाकडं पहिल्यांदा जाल तेव्हा तीन रकान्यांची वही पुढं ठेवा आणि विचारा, "यातलं कुठलं कारण टिकणार नाही?" जो वकील बोट ठेवून दाखवेल त्याच्याकडं काम द्या. शंभर टक्के शिक्षा लावतो म्हणणाऱ्याकडून उठून या.

दाखल झाल्यावर

अपील दोन न्यायाधीशांपुढं येतं. दाखल करून घेतलं की सत्र न्यायालयातून मूळ कागद मागवले जातात आणि आरोपींना नोटीस निघते. सुटण्याआधी आरोपींनी, वरच्या कोर्टानं बोलावल्यास हजर राहू असा जामीनरोखा दिलेला असतो आणि तो सहा महिने चालतो (जुनं कलम ४३७-अ, नवं ४८१). त्या काळात नोटीस बजावली गेली तर बरं. आपल्याकडं सुटलेला माणूस कामाला कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा गोव्याला निघून जातो आणि नोटीस ‘पत्त्यावर राहत नाही’ म्हणून परत येत राहते. आताचा पत्ता कळला की वकिलांना कळवा. गरज वाटली तर हायकोर्ट आरोपीला अटक करून आणण्याचा किंवा जामीन घेण्याचा हुकूमही देऊ शकतं. सरकारचंही अपील आलं असेल तर दोन्ही एकत्र ऐकावीत असा अर्ज करायला सांगा.

या काळात गावात दोन गोष्टी घडतात. पंच येऊन ‘मिटवून टाका’ म्हणतात. खुनाचा खटला कायद्यानं आपसात मिटत नाही, त्यामुळं तशा कागदावर सही करू नका. दुसरं, घरातलाच कुणीतरी साक्षीदाराकडून नवं प्रतिज्ञापत्र करून आणतो, आधीच्या साक्षीत राहिलेलं भरून काढायला. कृपा करून हे करू नका. अपिलात नवा पुरावा हायकोर्टाच्या परवानगीनं आणि क्वचितच घेतला जातो, आणि आधीच्या शपथेवरच्या साक्षीशी न जुळणारा कागद तुमच्याच माणसाला खोटं ठरवतो. साक्षीदाराला धमकी आली तर तारीख-वेळ लिहून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून आहे, तिचा अर्ज कसा करायचा हे विधी सेवा प्राधिकरणात विचारता येतं.

हायकोर्टानं सुटका रद्द करून जन्मठेप दिली तर आरोपींना सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क आहे, म्हणून वही आणि नकला जपून ठेवा. तिथं तुमच्या बाजूनं सरकार उभं असेल, पण तुम्हालाही वकील देता येतो. अपील फेटाळलं गेलं तर तुम्हाला विशेष परवानगीचा अर्ज दिल्लीत करावा लागतो, त्याची मुदत ९० दिवस. त्यासाठी धारवाडच्या निकालाच्या नकलेचा अर्जही त्याच दिवशी द्या, बेळगावची बस धरण्याआधी.